पालथी बाटली

रुक्माक्काच्या हाती काचेची कुठलीही वस्तू आली की ती पालथी व्हायची. औषधाची बाटली, कॉफीचा रिकामा पेला, कॅन्टीनमधली दह्याची वाटी. डायरेक्टरसाहेबांना कुठल्याशा परिषदेत मिळालेलं काचेचं सन्मानचिन्हही तिनं एकदा पालथं करून बघितलं होतं. त्याच्या तळाला चिकटवलेलं हिरवं कापड सुटून खाली पडलं, तेव्हा सगळ्यांच्या देखत ‘अय्यो, कच्चं’ म्हणून तिनं ते परत टेबलावर ठेवलं. वस्तू पालथी धरायची, डोळे बारीक करायचे, जरा थांबायचं. आतलं जागच्या जागी राहिलं की ‘सरी’. घसरलं की ‘कच्चं’. माणसांबद्दलही तिचे हे दोनच शेरे असत.

ही सवय तिला कामातून लागली होती. तिचं अर्धं आयुष्य जेल बनवण्यात गेलं होतं. केसांना लावतात ते नव्हे. सुईतून टोचता येईल असं, मेंदूत किंवा मज्जातंतूंच्या शेजारी औषध नेऊन ठेवणारं जेल. सिरिंजमध्ये ते पाण्यासारखं वाहतं, शरीराच्या उबेत गेलं की थिजतं, आणि पोटात धरून ठेवलेलं औषध हळूहळू सोडत राहतं. ते नीट थिजलं की नाही हे बघायची साधी रीत म्हणजे बाटली कोमट पाण्यात ठेवायची आणि पालथी करायची. आमच्याकडे महागडी यंत्रंही होती. पण यंत्राचा आकडा पडद्यावर उमटेपर्यंत रुक्माक्काचा शेरा देऊन झालेला असे.

मी तिच्याकडे पोचले ती पेटलेली. इचलकरंजीच्या आमच्या घरात पत्रकं होती, बाकी फारसं काही नव्हतं. बाबा यंत्रमाग कामगारांसाठी पत्रकं लिहायचे, आई मुद्रितं तपासायची, आणि मी मथळ्यांवर बोट फिरवत अक्षरं शिकले. ‘जागे व्हा!’ हे मी वाचलेलं पहिलं वाक्य. उद्गारचिन्ह हे मला बरीच वर्षं वर्णमालेतलंच एक अक्षर वाटायचं. नाव ठेवलं होतं क्रांती. अशा मुलीनं बेंगळुरूत, बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठच्या काचेच्या इमारतीत नोकरी धरली. खाली तळ्यावर फेस, रस्त्यावर न हलणाऱ्या गाड्या, आणि वर एका मजल्याच्या कोपऱ्यात एक छोटी औषध कंपनी. तिला आपलं काम लोकांना समजावून सांगणारं माणूस हवं होतं. मी मनाशी ठरवलं होतं, आत शिरून बघायचं, हे लोक नेमकं काय विकतात ते. आणि मग लिहायचं, झोडपून.

पहिल्याच दिवशी नमुना म्हणून मी एक पान लिहून दिलं. मथळा होता, ‘मेंदूच्या आजारांवर क्रांतिकारी विजय!’ डायरेक्टरसाहेबांना तो आवडला. ते म्हणाले, शास्त्राची बाजू रुक्मिणी मॅडमकडून तपासून घ्या. मॅडम म्हणजे पन्नाशीच्या पुढची, बुटकी, पांढऱ्या कोटाखाली सुती साडी आणि पायात बुटांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली एक बाई. तिनं पान वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला.

“तुझं नाव काय म्हणालीस?”

“क्रांती.”

“मग वर परत कशाला घातलीस? सही खाली करतात.”

मी काही म्हणायच्या आत तिनं पुढचा प्रश्न टाकला. “विजय कुणाचा झाला?”

“म्हणजे... आपल्या जेलचा.”

“हौदा? असं का? मला कुणी सांगितलंच नाही. मी उगाच रोज येते इथं.” मग स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाली, “बस. कॉफी घे. आणि मॅडम बेडा, तुम्ही-बिम्ही पण बेडा. अक्का म्हणायचं आणि अगं-तुगं करायचं. तुम्ही म्हटलं की मला वाटतं माझ्या मागे कोण उभं आहे.”

‘बेडा’ म्हणजे नको. तिच्या मराठीत असे कन्नड शब्द भाजीतल्या कढीपत्त्यासारखे जागोजागी असायचे आणि ते बाजूला काढायची तिला गरज वाटत नसे. तिचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. कसं आलं विचारलं तर म्हणायची, “कुणाच्या तरी फौजेबरोबर आलो. जायला निघालो, तर रस्ता जाम होता.” मी बोलत असताना ती कधीकधी कौतुकानं ऐकत राहायची. “तुझं मराठी टीव्हीतल्यासारखं आहे गं. स्वल्प हळू बोल, मला खालची पट्टी वाचायला मिळत नाही.”

मेंदूपर्यंत औषध पोचवणं इतकं अवघड का, हे तिनं मला समजावलं ते एका सोसायटीच्या फाटकाशी. आमच्या इमारतीशेजारी उंच घरांची वसाहत होती, आणि तिच्या फाटकावर संध्याकाळी डिलिव्हरीवाल्या मुलांची रांग लागायची. आम्ही बसची वाट बघत उभ्या होतो.

“हा वॉचमन बघ,” अक्का म्हणाली. “मेंदूलाही असाच एक असतो. रक्तातनं आलेल्या प्रत्येकाला विचारतो, कुणाकडे, कशाला. चोराला अडवतो तसाच औषधालाही अडवतो. बहुतेक औषधं फाटकातनंच परत जातात.”

“मग त्याला बाजूला सारायचं.” माझ्या घरी फाटकांबद्दल एकच मत होतं.

“बेडा. तो आहे म्हणून तू इथं उभी राहून भांडतेयस. त्याच्याशी वैर नाही आपलं. पण मेंदूतली गाठ काढायला सर्जन डोकं उघडतोच ना? गाठ निघाली की तिथं पोकळी राहते. त्या पोकळीत आपलं जेल ठेवून यायचं. म्हणजे फाटकाचा प्रश्नच नाही, आतच राहायला गेलो. तिथं बसून रोज थोडं थोडं औषध द्यायचं, उरलेल्या रोगट पेशींना. काम संपलं की विरघळून जायचं.”

“भिंतीला डाग न पाडता घर सोडणारा भाडेकरू?”

“हां. बेंगळुरूत आत्तापर्यंत एकही सापडला नाही. म्हणून तर मी बनवतेय.”

*

रुक्माक्का चिडलेली मी फार थोड्या वेळा पाहिली. त्यातली एक वेळ डॉक्टर नंदिनींची. चाचणी जिथं व्हायची त्या इस्पितळातल्या या तरुण सर्जन, पुढे माणसांवर हे जेल वापरायचं तेव्हा त्याच वापरणार होत्या. सरावासाठी त्या आमच्याकडे आल्या. सिरिंज मुठीत धरून त्यांनी दोन-तीन शंका विचारल्या, मग सुई नमुन्यात घातली आणि दट्ट्या दाबला. दट्ट्या हलेना. जेल सुईतच थिजलं होतं. बाई ओशाळल्या. आमच्यातल्या एकानं लॅपटॉपवर टाइप करायला घेतलं, ‘हाताळणीतील चूक’.

“काय लिहितोयस?” अक्कानं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता, पण तो मुलगा टाइप करायचा थांबला. “त्यांचा हात गरम आहे, ही त्यांची चूक? ऑपरेशनच्या वेळी त्या काय बर्फात हात घालून उभ्या राहणार? पुसून टाक. लिही, जेल लवकर थिजतं. चूक आपली आहे.”

आणि मग तिनं एक अजब उद्योग सुरू केला. भेटेल त्याच्याशी ती हस्तांदोलन करू लागली. हिशेब बघणाऱ्या बाई, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस, खुद्द डायरेक्टरसाहेब. लोकांना वाटलं, अक्का निवृत्त होतेय, निरोप घेतेय. ती सगळ्यांत गरम हात शोधत होती. माझा हात हातात घेतला आणि सोडेचना.

“अय्यो, इस्त्री आहे ही! पत्रकवाली, हा एवढा संताप तू फुकट घालवत होतीस?”

तेव्हापासून प्रत्येक नवं मिश्रण आधी माझ्या मुठीत यायचं. मी सिरिंज घट्ट धरून बसायची आणि अक्का माझ्याशी मुद्दाम भांडण काढायची, हात आणखी तापावा म्हणून. सरकार, मालकवर्ग, तळ्यावरचा फेस, काहीही विषय चालायचा. जेल माझ्या मुठीत पातळ राहिलं पाहिजे आणि त्याहून थोड्याच जास्त उबेत, माणसाच्या डोक्यात, थिजलं पाहिजे, एवढ्या अरुंद पट्टीत तिला ते बसवायचं होतं. बसवलंच तिनं. बाबांना मी फोनवर सांगितलं, की मोर्चात वर करायला शिकवलेली मूठ इथं अशी कामाला आली. बाबा बराच वेळ हसत होते.

*

मला लिहायला शिकवलं तेही तिनंच.

माणसांवरची चाचणी सुरू व्हायची होती आणि रुग्णांसाठी माहितीपत्रक हवं होतं. इस्पितळात बेळगाव-कोल्हापूरकडचे पुष्कळ रुग्ण येतात, त्यामुळे मराठीतही. पत्रक! माझ्या जन्मजात हक्काचं काम. मी झोकात लिहून नेलं. अक्कानं पान हातात घेतलं आणि खरोखर पालथं केलं, कोरी बाजू वर.

“म्हण आता, न बघता. पहिलं वाक्य.”

“हे अत्याधुनिक औषध थेट मेंदूत पोहोचून रोगावर अचूक घाव घालतं.”

“सरी. आता ह्या वाक्याच्या खाली एक माणूस बसव. डोक्याला बँडेज, बायको शेजारी, तिच्या मांडीवर पिशवी. बसवलंस? आता वाक्य पालथं कर. त्याच्या डोक्यावर काय काय पडतंय बघ.”

मी पान उलटायला गेले, तिनं त्यावर हात ठेवला.

“‘अत्याधुनिक’ पडलं. त्याचं त्याला काय करायचंय? ‘अचूक’ पडलं, कारण आपल्याला ते ठाऊकच नाही. ‘घाव’ तर अय्यो, नुकतंच डोकं उघडलंय त्याचं. उरलं काय?”

“मेंदूत औषध ठेवतात.”

“तेवढंच थिजलंय. बाकी पाणी.”

असं आम्ही ते पत्रक वाक्यावाक्यानं पालथं केलं. शेवटी जे राहिलं त्यात अशी वाक्यं होती : ‘हे औषध अजून माणसांना दिलेलं नाही. मेंढ्यांना दिलं आहे. तुम्हाला त्याचा उपयोग होईलच असं आम्ही सांगू शकत नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे बाकीचे उपचार तसेच चालू राहतील.’

“अक्का, हे वाचून येणार कोण?”

“येईल तो कळून येईल.”

मी ते बाबांना पाठवलं. त्यांचा फोन आला. “एकही उद्गारचिन्ह नाही गं.” मग, “पण नाकारावं असं एक वाक्यही नाही.” माझ्या लेखनाला मिळालेली सगळ्यांत मोठी दाद मी तीच धरते, आणि ती अर्धी रुक्माक्काची आहे.

*

आता अण्णांबद्दल सांगायला हवं.

अण्णा म्हणजे रुक्माक्काचे थोरले भाऊ. राजाजीनगरात वडलांपासून चालत आलेलं शिवणकामाचं दुकान ते चालवायचे. अक्कानं लग्न केलं नव्हतं. दुकानावरच्या घरात अण्णा, वहिनी आणि ती, अशी तिघं राहत. शनिवारी ती मला जेवायला न्यायची. मी गेले की अण्णा पट्टी गळ्यात अडकवून ओरडायचे, “या, पत्रकवाल्या बाई! आज कुणाला खुर्चीवरनं उतरवताय?” आणि मग बहिणीकडे वळून, “ही एवढी शास्त्रज्ञ, माणसाच्या मेंदूत सुई घालते म्हणे. शर्टाचं काज करायला सांगा, कापड रडतं.”

“काज करायला मेंदू लागत नाही, अण्णा.”

“म्हणून तुला जमत नाही.”

त्यांचा एक नियम होता. सुती कापड आधी पाण्यात भिजवून, वाळवून घेतल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. मला एक कुडता शिवून देणार म्हणाले, आणि महिनाभर माझं कापड त्यांच्या दोरीवर लोंबत राहिलं. “आधी त्याला काय आटायचं ते आटू दे,” म्हणायचे. “अंगावर गेल्यावर आटलं तर शिव्या मला.”

त्याच कुडत्याच्या वेळी ते कळलं. खडूनं आखलेली रेघ सोडून त्यांची कात्री बाजूला गेली. पुन्हा आखली, पुन्हा गेली. उजवा हात ऐकत नव्हता, बोलताना एखादा शब्द सापडायचा नाही. तपासण्या झाल्या. मेंदूत गाठ निघाली, वाईट जातीची.

आणि त्याच आठवड्यात आमच्या चाचणीचं औषध तयार होऊन आलं होतं. डॉक्टर नंदिनींनी अण्णांना तपासलं आणि सांगितलं, की गाठ कुठं आहे, केवढी आहे ते बघता चाचणीत ते बसतात. पहिला रुग्ण तेच होऊ शकतात. अक्कानं डायरेक्टरसाहेबांना लगेच कळवलं, हा माझा भाऊ, त्याच्या बाबतीत कुठल्याही निर्णयात मी असणार नाही. पण घरी आनंद लपत नव्हता. वहिनी बिसीबेळेभाताचा डबा घेऊन बेळ्ळंदूरला आल्या, दोन बस बदलून. प्रयोगशाळेतल्या सगळ्या मुलांना स्वतःच्या हातानं वाढलं. “आमच्या वन्संनी इतकी वर्षं घराकडे बघितलं नाही,” त्या म्हणाल्या, “ते देवानं बघितलं. औषध घरातच निघालं.”

वाढून झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, “तुझ्या त्या पत्रकात काही वाईट लिहिलेलं नाहीये ना गं?”

मी म्हटलं, “खरं तेवढं लिहिलंय, वहिनी.” त्यांनी मान हलवली, पण त्यांना हवं ते उत्तर हे नव्हतं.

अक्काचा एक डबा होता. जाड, पारदर्शक, घट्ट झाकणाचा. त्यात ती चायना ग्राससारख्या पदार्थाची मऊ खळ ओतून थिजवायची, मेंदूइतकी मऊ, आणि मधे पोकळी ठेवून तिच्यात जेल सोडायची. मग झाकण लावून उबेला ठेवून द्यायचा. नियमात ही चाचणी नव्हती. नियम असा, की जेल उघड्या बशीत पाण्यात ठेवायचं, एका दिवसानं किती फुगलं ते बघायचं. माणसांसाठी आलेला माल त्या चाचणीत बसला होता, बाटली पालथी केल्यावर जागचा हललाही नव्हता. कागदोपत्री सगळं झालं होतं. डबा ही अक्काची खासगी हौस समजली जायची, मुलं त्याला ‘अक्काचा लोणच्याचा डबा’ म्हणायची.

काही दिवसांनी तिनं डबा उघडला, तेव्हा मी जवळच होते. पोकळीपासून बाहेरच्या बाजूला खळीला भेगा गेल्या होत्या. जेल आतून फुगलं होतं, सावकाश, बशीतल्या एका दिवसात कळू नये इतकं सावकाश. तिनं दुसरा डबा भरला. पुन्हा भेगा. मग जुन्या मालाचा भरला, ज्या मालावर आमचे सगळे प्रयोग झाले होते. त्याला भेग नाही.

फरक एकच होता. नवा माल माणसाला द्यायचा, म्हणून त्याची भुकटी किरणांनी निर्जंतुक करून आणली होती. त्या किरणांनी जंतू मेले आणि जेलचे धागेही तुटले. तुटक्या धाग्यांचं जेल पाणी जास्त पितं. स्वच्छ करण्याच्या नादात आम्ही वेगळीच वस्तू बनवून बसलो होतो, आणि तपासलेली वस्तू वेगळी होती.

बैठकीत मी टिपणं घ्यायला होते. मला वाटलं होतं आता अक्का कडाडेल. तिनं डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं.

डायरेक्टरसाहेब वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. म्हणाले, “अक्का, फुगणं मर्यादेत आहे ना?”

“उघड्या बशीत आहे, सर. डोकं म्हणजे बशी नाही. तिथं फुगायला जागा नाही. फुगलं तर मेंदू दाबणार.”

“दाबेलच असं नाही.”

“नाही. दाबेलच असं नाही.”

मग साहेब अगदी हळू म्हणाले, “हे थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून. किती महिने जातील तुम्हाला ठाऊक आहे. आणि अण्णा... तो तुमचा भाऊ आहे.”

“तो माझा भाऊ आहे हे मला ठाऊक आहे, सर,” ती म्हणाली. “ह्या जेलला ठाऊक नाही.”

चाचणी थांबली. साहेबांनीच थांबवली, हेही लिहिलं पाहिजे. मी तोवर अनेक सभांत अनेक भाषणं ऐकली होती, टाळ्या पिटल्या होत्या. पण स्वतःचं इतकं मोठं काही पणाला लागलेलं असताना इतक्या कमी शब्दांत कुणी खरं बोललेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मला घसा फोडून बोलणाऱ्यांची, त्यात मीही आले, जरा शंका येते.

घरी सांगायला ती मला बरोबर घेऊन गेली. दुकानात अण्णा स्टुलावर बसले होते, वहिनी मशीनवर. अक्का उभ्याउभ्याच म्हणाली, “अण्णा, कापड शिवून झाल्यावर आम्ही धुतलं. धुतल्यावर ते बदललं. तुला नाही देता येत.”

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. शब्द शोधायला त्यांना वेळ लागायचा. “आटलं?”

“नाही. फुगलं.”

“मग बेडा,” ते म्हणाले. थोड्या वेळानं ओठाचा एक कोपरा हलला. “माझं डोकं... रेडीमेड नाही. परत उसवायला.”

वहिनींचं मशीन थांबलं होतं. “डॉक्टरांनी नको म्हटलं?”

“नाही, वहिनी. मी म्हटलं. मी बघितलं ते.”

“आणि नसतं बघितलं तर?”

अक्कानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“नियमात नव्हतं ना ते बघायचं? मग नसतं बघितलं तर, वन्सं?”

ह्या प्रश्नाला अक्कानं उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. वहिनींनी मशीन चालू केलं, आणि त्यानंतर त्या अक्काशी बोलायच्या थांबल्या.

अण्णांचं ऑपरेशन झालं, बाकीचे नेहमीचे उपचार झाले. ते दुकानात परत आले, स्टुलावर बसून वहिनींना हातवारे करून शिकवू लागले. माझा कुडता वहिनींनी त्यांच्या देखरेखीखाली पुरा केला. पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. जेल असतं तर जास्त जगले असते का, ह्याचं उत्तर कुणाकडे नाही, आणि अक्कानं मला ते बनवून लिहूही दिलं नसतं.

एका घरात दोघी बायका. अक्का ऑफिसला जाताना डबा ओट्यावर भरून ठेवलेला असायचा, पण बोलणं नाही. शनिवारी मी गेले की मी टपाल व्हायची. “त्यांना सांग, नळाचं पाणी उद्या येणार नाही.” “तिला सांग, मी भरून ठेवलंय.” दोघी एकमेकींपासून चार हातांवर, आणि मी मधे.

इकडे अक्कानं निर्जंतुक करायची रीतच बदलली. भुकटीला किरण द्यायचे नाहीत, जेल पातळ असतानाच बारीक गाळणीतून गाळून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यासाठी मिश्रण बदललं, मिश्रण बदललं म्हणून माझी मूठ पुन्हा कामाला आली, मेंढ्या पुन्हा, सगळं पुन्हा. लोणच्याचा डबा आता नियमात गेला होता. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव मिळालं होतं. मुलं म्हणायची, “अक्का, तुझा डबा मोठा झाला.” ती म्हणायची, “साकु, पुरे आता, कामं करा.”

*

पहिल्या रुग्णाला जेल दिलं त्या सकाळी मी आणि ती इस्पितळाच्या जिन्याजवळच्या बाकावर बसलो होतो. आत जायची तिला परवानगी मिळाली असती, तिनं मागितली नाही. त्याच मालातली एक राखीव बाटली तिनं बर्फाच्या डब्यातून आणली होती. ती आधी तिनं माझ्या मुठीत दिली.

“भांड काहीतरी,” म्हणाली.

“आज सुचत नाही, अक्का.”

“मग नुसतीच धर.”

थोड्या वेळानं घेऊन वाकडी केली. पाण्यासारखं वाहिलं. मग तिनं बाटली पदराआड कमरेला खोचली, अंगाला चिकटून, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. समोरून लोक जात होते. डॉक्टर नंदिनी बाहेर आल्या, तोंडावरची पट्टी खाली केली आणि एवढंच म्हणाल्या, “बसलं. जागच्या जागी आहे.” गुण येतो की नाही हे कळायला अजून बराच काळ जायचा होता, ते सगळ्यांनाच माहीत होतं. अक्कानं कमरेची बाटली काढली, पालथी केली. डोळे बारीक केले. आतलं हललं नाही.

“सरी,” ती म्हणाली. मग बाटली पिशवीत टाकून उठली. “चल, राजाजीनगर.”

दुकानात वहिनी मशीनवर होत्या. आम्ही बाकावर बसलो. जरा वेळानं, मान वर न करता, वहिनी मला म्हणाल्या, “विचार त्यांना. दिलं का आज?”

अक्का म्हणाली, “सांग तिला, दिलं.”

“विचार, कुणाला.”

“सांग तिला, नाव सांगायचं नसतं. कुणाचा तरी अण्णा.”

मशीन थांबलं. वहिनींनी हातातला शर्ट सोडवला, दोरा दातानं तोडला. भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोकडे त्यांनी बघितलं नाही, आमच्याकडेही नाही. शर्ट उचलला आणि मला ओलांडून सरळ अक्काच्या मांडीवर टाकला.

“वन्सं, नुसत्या बसू नका. काजं झालीत, बटणं लावायची आहेत.”

मी निघाले. त्यानंतर काही आठवड्यांत अक्का निवृत्त झाली, मी बेंगळुरू सोडलं. फोनवर बोलतो आम्ही. पण माझ्यासाठी ती अजून तिथंच आहे, रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावरून दिसली तशी. वहिनी काहीतरी बोलत होत्या, बहुतेक बटण वाकडं लागलंय म्हणून. रुक्माक्का ऐकत नव्हती. तिनं शर्ट खालच्या कडेला धरून पालथा केला होता, डोळे बारीक करून तो हलके हलके झटकत होती, आणि बटण पडतंय का बघत होती.